सुरीचं म्यान आणि आतली न दिसणारी पट्टी

नमस्कार मंडळी! आज जरा हाताने करायच्या कामाबद्दल बोलूया, शिकारीच्या सुरीला कातड्याचं म्यान शिवणं. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, कातडं घ्यायचं, दुमडायचं, शिवायचं, झालं. मलाही असंच वाटलेलं. पहिलं म्यान केलं ते दिसायला एकदम झकास, वर पानंफुलं, नक्षीबिक्षी, आणि तिसऱ्या का चौथ्या वेळेला सुरी आत सरकवली तर कच्चकन आवाज आला, बघतो तर टाके कापून पातं बाहेर डोकावतंय! बोट तिथून जेमतेम दोन इंचांवर. नक्षीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या आणि जिथे धार येऊन टेकते तिथे नुसता दोरा होता.

तर तिथे जी पट्टी पाहिजे होती तिला वेल्ट म्हणतात. म्यानाच्या दोन पदरांच्या मधे, धारेच्या बाजूने, कातड्याचीच एक पट्टी घालायची, साधारण 8 ते 10 मिलिमीटर रुंद, आणि मग तिन्ही थर मिळून शिवायचे. म्हणजे काय होतं, धार आली तर पट्टीला लागते, दोऱ्यापर्यंत पोचतच नाही. पट्टीची जाडी सुरीच्या पाठीच्या जाडीएवढी, म्हणजे पातं 4 मिलिमीटरचं असेल तर तेवढीच, कमी पडली तर दोन थर चिकटवा. बाहेरून कुणाला दिसतही नाही ही पट्टी, पण म्यान हातात आलं की मी आधी कड बघतो, किती थर आहेत ते मोजतो, बाकीचं मग.

आता कातडं. झाडांच्या सालीत वगैरे कमावलेलं घ्यायचं, ज्याला व्हेज टॅन म्हणतात, 3 ते साडेतीन मिलिमीटर जाडीचं. बॅगा-जॅकेटांचं मऊ मऊ कातडं असतं ते बहुतेक क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, ते इथे नको, कारण ओलं करून आकार दिला तरी वाळल्यावर तो धरून राहत नाही आणि त्यातल्या क्षारांनी पातं गंजू शकतं. ओळखायचं कसं, तर कापलेली कड बघा, क्रोमचं आतून बऱ्याचदा निळसर राखाडी असतं आणि व्हेज टॅन आरपार बदामी.

मग येतो कागद. खरं काम इथेच होतं, आणि इथेच लोक घाई करतात. तुमच्याजवळ आत्ता एखादा कागद असेल तर घ्याच, सोपं जाईल. मधोमध एक रेघ मारा, ती म्यानाची घडी. सुरीची पाठ त्या रेघेवर उभी ठेवा आणि मग सुरी एका बाजूला आडवी करून भोवतीने रेघ काढा, परत उभी करा, दुसऱ्या बाजूला आडवी करा, परत रेघ काढा. नुसती झोपवून काढलीत ना, तर पाठीची जाडी हिशोबातच येत नाही आणि म्यान असं घट्ट होतं की सुरी निघता निघत नाही. त्यात वेल्टची रुंदी मिळवा, पट्ट्यात अडकवायचा लूप जोडा, आणि कातड्याला हात लावायच्या आधी जाड पुठ्ठ्याचं एक म्यान करून बघा. ते दुमडून कमरेला लावून बघा, खरंच, कारण नमुना उलटा ठेवून कापला की लूप पुढे येतो आणि म्यान डावखुऱ्याचं होतं. मी केलंय तसं. नशिबाने एक डावखुरा मित्र निघाला.

चिकटवायला कॉन्टॅक्टचा गम, दोन्ही बाजूंना लावून 15 मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचं. शिवण हातानेच, एकच दोरा आणि त्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. याला सॅडल टाका म्हणतात. मशीनच्या शिवणीत दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात, एक तुटला की बाकीचे टाके सैल पडत जातात, इथे एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ठेवतो. दोरा मेण लावलेला, शिवणीच्या लांबीच्या चारपट तरी घ्या, जाड काम असेल तर थोडा जास्तच, मधेच संपला तर जोड देताना जीव जातो. भोकं आरीने आधी पाडून घ्यायची, कडेपासून 4 मिलिमीटरवर, आणि आरी सरळ धरायची, कारण पुढून ओळ सुंदर आणि मागून सापासारखी वाकडी, हे प्रत्येकाच्या पहिल्या म्यानात होतंच होतं.

यानंतर माझा सगळ्यात आवडता भाग. म्यान कोमट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे यायचे थांबले की काढायचं, सुरीला तेलाचा हात मारून प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळायचं आणि आत घालून बोटांनी दाबत जायचं, मुठीच्या गळ्याशी, जिथे पातं संपतं तिथे, जोर लावून. कातडं ओल्या मातीसारखं ऐकतं त्या वेळी. मग सुरी अलगद काढून सावलीत वाळवायचं, दिवसभर तरी. हेअर ड्रायर, हीटर, कडक ऊन अजिबात नको, कडकडीत होऊन तडकतं. वाळल्यावर सुरी घातली की गळ्याशी टक्क असा आवाज येतो आणि म्यान उलटं करून हलवलं तरी पडत नाही. दुसरी सुरी मात्र त्यात नीट बसणार नाही, एकाच सुरीचं असतं ते.

एक सांभाळा, ओल्या कातड्याजवळ लोखंडाचा कीस, कानशीचा चुरा असलं काही नको. कातड्यातलं टॅनिन, म्हणजे कमावताना झाडाच्या सालीतून आलेला तुरट अंश, आणि लोखंड भेटले की निळे-काळे ठिपके उठतात. लिंबाच्या रसाने थोडे फिके होतात, जात नाहीत. म्हणूनच ती फिल्म घट्ट गुंडाळायची, कुठे फाटली की पात्याचा ठसा आत उमटलाच म्हणून समजा.

कडा सँडपेपरने, आधी 120 मग 400, घासून, पाण्याचं बोट फिरवून लाकडाने चोळल्या की चकाकतात, तीन थरांची एकच कड दिसायला लागते. वरून मेण. तेल लावायचं तर अगदी पुसटसं, जास्त झालं की म्यान लिबलिबीत होतं आणि ती सगळी पकड गेली.

आणि एवढं करून सुरी म्यानात घालून महिनोन्महिने कपाटात ठेवू नका हो! कातडं हवेतला ओलावा धरतं, पात्यावर गंज येतो, मुठीला पितळ असेल तर त्यावर हिरवट थर चढतो. कामावरून आलात की सुरी पुसून, तेलाचा हात मारून वेगळी ठेवा. म्यान खुंटीला, आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालून, म्हणजे आकारही राहतो आणि सुरी आत नाहीये हे लांबूनच दिसतं.