पहिली दुपार सावलीत

नमस्कार श्रोतेहो. मुरगाव बंदराला क्रूझ बोट लागली की सकाळपासून वास्कोत टॅक्सींची लगबग सुरू होते. मुंबईहून आदल्या संध्याकाळी निघालेली माणसं खाली उतरतात ती घड्याळ बघतच. संध्याकाळी बोट सुटायची, तेवढ्यात सगळा गोवा बघायचा. तुमच्याकडेही असे पाहुणे येत असतील, तर त्यांना एवढंच सांगा, पहिली दुपार सावलीत काढा.

माझी आत्या मागच्या एप्रिलमध्ये अशीच आली. आत्या नागपूरची. बंदराच्या फाटकाबाहेर मला बघितल्याबरोबर तिनं पर्स उघडून कांदा दाखवला. ऊन लागू नये म्हणून नागपुरात लोक खिशात कांदा ठेवतात, तो तिनं बोटीवरही आणला होता. मी म्हटलं, "आत्या, आधी घरी चल, जेव, पड जरा." तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "तेहतीस डिग्री! अगं, पंचेचाळीसमध्ये लग्नाच्या पंगती वाढल्यात मी."

वास्कोहून पणजी तीसेक किलोमीटर. झुआरी पूल ओलांडून पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. दुकानांची दारं लागलेली. आत्याला हसू आलं, "भर दुपारी झोपतात की काय इथं?" झोपतात! आणि श्रोतेहो, दुपारी दार लावणाऱ्या गोंयकाराला कुणी आळशी म्हटलं की मला मनापासून राग येतो. पहाटे मासळीबाजार गाठणारा माणूस आहे तो. या हवेत कधी काम करायचं आणि कधी पाठ टेकायची, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

फोंतेंयश, म्हणजे पणजीतली जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती बघून आम्ही शेजारच्या मळा नावाच्या वाड्यात आलो. वर टेकडीवर मारुतीचं देऊळ दिसलं आणि आत्या पायऱ्या चढायला लागली. निम्म्यावर गेली आणि मटकन खाली बसली. तोंड पांढरंफटक, पोटऱ्यांत गोळे, अंग घामानं निथळतंय आणि हात मात्र गार. मी घाबरले. बाटलीतलं पाणी केव्हाच संपलं होतं.

तेवढ्यात खालच्या घराची खिडकी उघडली. "भितर यो गो! वोतांत कित्याक बसल्या?" आत ये गं, उन्हात का बसलीस, असं विचारणाऱ्या सत्तरीच्या पुढच्या एक माई. ओळख ना पाळख, त्यांनी आत्याला धरून आत नेलं, लाल कोब्याच्या जमिनीवर चटई टाकली, पायांखाली उशी सरकवली. मग वाडगाभर उकड्या तांदळाची पेज आणली, मीठ घातलेली, आणि बशीत चेपणीचं एक तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कोवळी कैरी. "हळूहळू जेव," म्हणाल्या. आत्यानं घोट घोट पेज घेतली, तोराचा आंबट-खारट तुकडा चघळला आणि डोळे मिटले. तासभर गाढ झोपली. माई शेजारी विणलेल्या पंख्यानं वारा घालत होत्या. मला अजून तो पंख्याचा आवाज ऐकू येतो.

आता कारण थोडक्यात. नागपूरचं ऊन कोरडं, घाम येतो तसा उडतो आणि अंग गार करतो. आपल्याकडे हवाच ओली, घाम अंगावरच राहतो, म्हणून इथले तेहतीसही जड जातात. त्यात बोटीवरचा माणूस रात्रभर एसीत असतो. नव्या हवेची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि याच्याकडे एक दुपार! म्हणून पुन्हा सांगते, एक ते चार सावलीत. पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्या. पेज, लिंबू-सरबत, मीठ घातलेलं ताक, काहीही चालेल. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, शुद्ध हरपायला लागली, तर तोंडात काही घालू नका. १०८ला फोन करा आणि अंग ओलं करून वारा घाला.

पाहुण्याला आपण मासळीची थाळी आवर्जून खिलवतो, पेज मात्र पुढे करत नाही. ती काय द्यायची, आजाऱ्याचं खाणं, म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी दुपारी पेज ठेवायलाच हवी.

चार वाजता आत्या उठली. मारुतीला खालूनच हात जोडले. निघताना पर्समधला कांदा काढून माईंच्या हातात दिला, "माझ्याकडे दुसरं काही नाही हो." माईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. आम्ही बोट सुटायच्या तासभर आधी बंदरावर होतो, आणि तेही लक्षात ठेवा, बोट कुणासाठी थांबत नाही.

रात्री समुद्रातून तिचा फोन. रेंज जात-येत होती. "अगं, त्या तोरांची कृती विचारून ठेव." मी दुसऱ्याच दिवशी मळ्यात गेले. बाठ न धरलेल्या कोवळ्या कैऱ्या घ्यायच्या, डाग नसलेल्या. धुऊन, पुसून कोरड्या करायच्या. बरणीत कैऱ्यांचा थर, जाड्या मिठाचा थर, असं भरत जायचं आणि वर स्वच्छ धोंडा ठेवायचा. मिठाला पाणी सुटतं, कैऱ्या त्यात बुडून राहिल्या पाहिजेत. पावसाळ्यापर्यंत हात लावायचा नाही.