पिझ्झाच्या दुकानातला गिटारवाला

नमस्कार श्रोतेहो.

'वन डायरेक्शन' म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात तेव्हा शाळा-कॉलेजातल्या मुली होत्या त्यांना सांगायला नको. ब्रिटनमधल्या त्या पॉप ग्रुपच्या पाच पोरांपैकी एक, हॅरी स्टाइल्स. ग्रुप थांबला आणि २०१६ मध्ये या पॉपवाल्या पोराने रॉकचा अल्बम करायला घेतला. खऱ्या गिटारी, खरे ड्रम, सत्तरच्या दशकाची ढब.

आता माझी आवडती गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये काम सुरू व्हायचं होतं आणि ठरलेल्या गिटारवादकाचं येणं जमेना. ध्वनिमुद्रण करणारा इंजिनिअर म्हणाला, माझ्या खोलीवर एकजण राहतो, तो वाजवतो, बोलावू का? तो होता ओहायोचा मिच रोलंड. नोकरी कुठे, तर पिझ्झाच्या दुकानात! मोठ्या स्टुडिओचा अनुभव नाही, बोलणं जेवढ्यास तेवढं. आला, गिटार लावली, वाजवू लागला, आणि हॅरीला हवा होता तोच आवाज सापडला. गंमत म्हणजे काम सुरू झाल्यावरही गड्याने पिझ्झाची नोकरी लगेच सोडली नाही. बरोबरच केलं! कलाकाराने पहिल्या टाळीला नोकरीवर लाथ मारावी, असं सांगणाऱ्यांनी त्याचं घरभाडं भरावं, असं माझं जुनं मत आहे. असो. मग सगळी मंडळी जमैकाला गेली, पोर्ट अँटोनियोला. डोंगरावर स्टुडिओ, खाली समुद्र. तिथे दोनेक महिने मुक्काम. पिझ्झाच्या दुकानातला मिच अल्बमच्या बहुतेक गाण्यांचा सहलेखक झाला.

निर्माता जेफ भास्कर. गाणी दहा, अवघी चाळीस मिनिटं.

पहिलं गाणं, 'साइन ऑफ द टाइम्स', आलं एप्रिल २०१७ मध्ये. पियानोवर सुरू होतं आणि चढत जातं. बाळंतपणात आई वाचणार नाही, बाळ वाचेल, आणि बाळाशी बोलायला तिच्याकडे पाचच मिनिटं आहेत, अशी कल्पना हॅरीने सांगितली होती. या गाण्याच्या लेखकांत मिच आहे, आणि त्याला बोलावणारा तो खोलीतला इंजिनिअरसुद्धा आहे! ब्रिटनमध्ये एड शीरनचं 'शेप ऑफ यू' पहिल्या नंबरवर ठाण मांडून बसलं होतं, त्याला याने उठवलं. मे महिन्यात अल्बम आला, तो ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिला. काही समीक्षक म्हणाले, यात जुन्या ब्रिटिश रॉकमधला गायक डेव्हिड बोवी ऐकू येतो, 'रोलिंग स्टोन्स' बँड ऐकू येतो. येतोच की. पण पोरींचा गायक म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हॅरीनेच विचारलं होतं, मुलींची आवड कमी दर्जाची असं कोणी ठरवलं? बीटल्सना आधी डोक्यावर कोणी घेतलं होतं? मुलींनीच ना!

आणि मिच? 'वॉटरमेलन शुगर'च्या लेखकांतही त्याचं नाव आहे. त्या गाण्यासाठी हॅरीला २०२१ मध्ये ग्रॅमी मिळालं.

आता 'साइन ऑफ द टाइम्स' लावतो. पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. रेडिओवाले लांब गाणी मध्येच तोडतात, मला ते अजिबात पटत नाही. पूर्ण ऐका.