निळ्या कापडावरची मुद्रा: अमेरिकेतल्या राज्यांचे झेंडे

[दृश्य: वाऱ्यावर फडकणारे निळे झेंडे, एकापाठोपाठ एक]

कॅन्सस. मोंटाना. नेब्रास्का. विस्कॉन्सिन. सगळीकडे निळं कापड आणि त्यावर राज्याची मुद्रा किंवा राजचिन्ह. अमेरिकेत राज्यं ५०, आणि त्यांतल्या वीसहून अधिक राज्यांचे झेंडे बराच काळ याच घाटाचे होते. लांबून ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. हिशेब करून पाहा. ३ फूट बाय ५ फुटांचा झेंडा १०० फुटांवरून पाहिला, तर डोळ्यांपासून २ फुटांवर धरलेल्या पाऊण इंच उंच, सव्वा इंच रुंद चिठ्ठीएवढा भासतो. मधली मुद्रा जेमतेम अर्ध्या इंचाची. तीत नांगर, डोंगर, आगबोट आणि लॅटिन ब्रीदवाक्य असेल, तर पाहणाऱ्याला फक्त एक ठिपका दिसतो.

मुद्रा मुळात कागदासाठी घडवलेली असते. ती सनदेवर उमटवायची, हातात घेऊन वाचायची. ती कापडावर चढली ती मुख्यतः पलटणींमुळे. १८६१ ते १८६५च्या, उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या पलटणी निळ्या रेशमी निशाणांवर राजचिन्हं रंगवून नेत. मोंटानाचा झेंडा तर १८९८च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात गेलेल्या पलटणीचाच. १९०५ साली तो राज्याचा झाला.

दुसरं निमित्त १८९३च्या शिकागो प्रदर्शनाचं. तिथे मांडायला झेंडा हवा, म्हणून मिनेसोटाने घाईने एक तयार करवला. पुढून पांढरा, मागून निळा, दोन रेशमी थर एकत्र शिवलेले. पॉलीन आणि थोमाने फेल्डे या बहिणींनी त्यावर केलेलं भरतकाम फार सुंदर होतं. पण दोन थरांचा झेंडा जड होतो, त्याला फडकायला जास्त वारा लागतो आणि खर्चही वाढतो. १९५७ साली मिनेसोटाने एकाच निळ्या कापडावर समाधान मानलं.

[दृश्य: झेंड्याची मागची बाजू, उलटी अक्षरं]

एकच थर ठेवला की दुसरी अडचण येते. छापलेला रंग कापडाच्या आरपार जातो आणि मागून अक्षरं उलटी दिसतात. ती दोन्हीकडून सरळ हवी असतील, तर पुन्हा दोन थर आणि मधे अस्तर. ऑरेगॉनने हा खर्च आजवर पत्करला आहे. त्याच्या झेंड्याच्या मागच्या बाजूला सोनेरी बीव्हर (पाण्याकाठी राहणारा, लाकूड कुरतडणारा प्राणी) आहे, आणि दोन बाजूंना वेगळी चित्रं असलेलं हे एकमेव राज्य. कॅन्ससने १९६१ साली आणि मोंटानाने १९८१ साली झेंड्यावर चक्क राज्याचं नाव लिहिलं. नेब्रास्काचा झेंडा २०१७ साली विधिमंडळाच्या इमारतीवर दहा दिवस उलटा फडकत होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिथल्या एका आमदारानेच हे सभागृहात सांगितलं.

[दृश्य: पिवळं कापड, लाल सूर्य]

आता न्यू मेक्सिको पाहा. १९१५ साली या राज्याचा झेंडाही निळाच होता: कोपऱ्यात अमेरिकेचा छोटा राष्ट्रध्वज, राज्याची मुद्रा, राज्याचं नाव आणि ४७वं राज्य म्हणून '४७' हा आकडा. दहा वर्षांत तो गेला. सांता फेचे डॉक्टर आणि पुरातत्त्व-अभ्यासक हॅरी मेरा यांनी झिया पुएब्लो या तिथल्या मूलनिवासी समाजाच्या एका मडक्यावरचा सूर्य घेतला: मधे वर्तुळ, चार दिशांना चार-चार किरण. झियांसाठी चार हा पवित्र अंक आहे: चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार भाग, आयुष्याच्या चार अवस्था. लाल-पिवळा रंग स्पेनचा. २००१ साली उत्तर अमेरिकेतल्या ध्वजशास्त्र संघटनेने अमेरिका आणि कॅनडातल्या राज्यं-प्रांतांच्या ७२ झेंड्यांच्या मांडणीची पाहणी केली, त्यात हा पहिला आला.

तो पहिला यावा असाच आहे. मात्र हे चिन्ह घेताना झियांची परवानगी कुणी घेतली नव्हती. ज्या मडक्यावर ते होतं, ते त्यांना २००० साली परत मिळालं. झेंड्याचं कौतुक करताना ही बाजू गाळता कामा नये.

साधेपणा हाच एकमेव मार्ग, असंही नाही. मेरीलँडचा झेंडा चांगलाच गुंतागुंतीचा आहे: मेरीलँड वसवणाऱ्या कॅल्व्हर्ट घराण्याचा काळा-सोनेरी आणि त्यांच्या नात्यातल्या क्रॉसलँड घराण्याचा लाल-पांढरा, दोन्ही चौकटीत आलटून पालटून. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूच्या मेरीलँडकरांनी लाल-पांढरा आपला मानला होता. युद्धानंतर दोन्ही एका कापडावर आले आणि १९०४ साली तोच झेंडा कायद्याने ठरला. रंगांचे तुकडे मोठे, विरोध ठळक, म्हणून तो लांबूनही ओळखू येतो.

मिसिसिपीने २०२० साली गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचं चिन्ह काढून मॅग्नोलियाचं फूल आणलं. नव्या झेंड्यावर 'देवावर आमचा विश्वास' या अर्थाचं इंग्रजी वाक्य हवंच, ही अट कायद्यातच होती, त्यामुळे अक्षरं आली. मिनेसोटाच्या जुन्या मुद्रेत गोरा शेतकरी नांगरत होता आणि मूलनिवासी घोड्यावरून चालला होता. ११ मे २०२४ पासून तिथे दोन निळ्या छटा आणि आठ टोकांचा पांढरा तारा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेन राज्यात १९०१चा पाइन वृक्षाचा झेंडा परत आणायचा का, यावर मतदान झालं. मतदारांनी नकार दिला. तिथे १९०९ पासूनचा झेंडा कायम आहे: निळं कापड, त्यावर राजचिन्ह.