वीतभर पट्टीचा तानपुरा

नमस्कार श्रोतेहो.

कॅसेट अडकली की पट्टीचा गुंता बाहेर यायचा आणि आपण पेन्सिल घालून तो गुंडाळत बसायचो, हे तुम्हाला सांगायला नको. पेन्सिल षटकोनीच हवी. चाकाच्या आत सहा दाते असतात, त्यांत ती घट्ट बसते. गोल पेन नुसतं फिरत राहतं. आज त्याच पट्टीबद्दल बोलायचं आहे. गाण्याच्या कॅसेटबद्दल नव्हे, आतल्या तपकिरी पट्टीबद्दल.

या पट्टीचा एक वीतभर तुकडा घ्यायचा. दोन्ही टोकं एकमेकांना जोडायची, म्हणजे एक कडं तयार होतं. ते कडं कॅसेटच्या डबीत परत बसवायचं आणि टेप सुरू करायचा. झालं. आता ही कॅसेट कधी संपत नाही, तेच पाच सेकंद पुन्हा पुन्हा वाजत राहतात. जगभरचे लोक याला लूप म्हणतात, आमच्या घरात मात्र ‘कडं’ हाच शब्द रुजला आणि मी आजही तोच वापरतो.

वीतभर म्हणजे पाच सेकंद, हे कुठून आलं? फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट मांडली, तेव्हापासून पट्टीचा वेग ठरलेला आहे. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. गाणं संथ असो की द्रुत, पट्टी त्याच चालीने चालते. म्हणजे पाच सेकंदांना २३.८ सेंटिमीटर, माणसाची एक वीत. लक्षात ठेवा: वीतभर पट्टी, पाच सेकंद. कॅसेटवर लांबी म्हणजेच वेळ. हे मला पुस्तकातून कळलं नाही, मिरजेत मावशीच्या घरी कळलं, आणि तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

१९९१ चा पावसाळा. मी कॉलेजसाठी मावशीकडे राहत होतो. मावशी सकाळ-संध्याकाळ मुलींना गाणं शिकवायची आणि मधल्या वेळात शिवणकाम करायची. एक दिवस खुंटीवरून तानपुरा निसटला आणि भोपळ्याला तडा गेला. तानपुरा सतारमेकर गल्लीत दुरुस्तीला गेला. पावसाळी हवा, भोपळा सांधायचा, वाळवायचा, पॉलिश करायचं. महिनाभर तरी लागेल असा निरोप आला.

आता मुलींनी गायचं कशावर? घरात पेटी होती, पण मावशी रियाजाला पेटी घेऊ द्यायची नाही. ती म्हणायची, “पेटी असली की मुली पेटीला धरून गातात, स्वराला धरून नाही.” या आपल्या आकाशवाणीनेच १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीस वर्षांहून जास्त टिकली. बंदी घालणं मला कधीच पटलं नाही. पेटीवर प्रेम करणारा माणूस आहे मी. पण नवशिक्या गळ्याच्या बाबतीत मावशीचं म्हणणं खरं होतं, हे मात्र मी कुठेही सांगेन.

मावशीकडे एका जुन्या तालमीची कॅसेट होती. गाणं सुरू व्हायच्या आधी तीवर पाऊण मिनिट नुसता तानपुरा वाजतो. हल्लीच्या ध्वनिमुद्रणांतून ही सुरुवातीची जागा कापून टाकतात, गाणारा लगेच सुरू होतो. माझं मत विचाराल तर त्या पाऊण मिनिटात खोली भरते, ऐकणाऱ्याचा श्वास जाग्यावर येतो. ते कापू नये. असो. ती पाऊण मिनिटाची जागा बघून मला सुचलं, की याचं कडं करता येईल.

मूळ कॅसेट मी कापली नाही. हे दोनदा सांगतो, कारण इथेच लोक पुढे हळहळतात. मूळ कॅसेट कापायची नाही. आधी नक्कल करायची आणि नक्कल कापायची. शेजारी दोन कप्प्यांचा टेप होता. त्यावर मी तानपुरा एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतला. साठचीच. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये जास्त पट्टी मावावी म्हणून ती पातळ केलेली असते. साठची पट्टी सुमारे १८ मायक्रॉन जाडीची, नव्वदची १२. पातळ पट्टी कड्यात चुरगळते. आणि डबी स्क्रूची बघून घ्या, पाच बारीक स्क्रू असतात. चिकटवलेली डबी उघडताना फुटते.

तर मी डबी उघडली. आत दोन चाकं, कोपऱ्यांना दोन छोटे रूळ, मधे तांब्यासारख्या पट्टीवर फेल्टची इवलीशी गादी. दोन्ही चाकांना वळसा घालून पट्टी रुळांवरून फिरवली तर २६ सेंटिमीटर लागत होती. बसते तेवढी घ्यावी म्हणून मी मावशीची मापाची टेप लावली, तिच्याच कात्रीने पट्टी कापली, जोडली, डबी बंद केली आणि टेप सुरू केला.

तानपुरा वाजला, चार तारा एकामागून एक. पंचम, जोड, जोड, खर्ज. मला इतका आनंद झाला! मावशी स्वयंपाकघरातून भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. उभी राहून चार आवर्तनं ऐकली आणि म्हणाली, “अरे, पंचम दोनदा छेडतोय हा.”

मी ऐकलं. खरंच. पंचम, जोड, जोड, खर्ज, पंचम आणि लगेच परत पंचम. कॅसेटवरच्या तानपुऱ्याचं एक आवर्तन पाच सेकंदांचं होतं. माझी पट्टी २६ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच सेकंद. वरच्या अर्ध्या सेकंदात पुढच्या आवर्तनाचा पंचम येऊन बसला होता. मी जागा बघून पट्टी कापली होती, गाणं बघून नाही. लांबी म्हणजेच वेळ, ते तेव्हा कळलं.

आणि दुसरी गोष्ट. दर खेपेला सांध्यावर ‘टक’ असा आवाज यायचा.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः शेजारी येऊन बसली. म्हणाली, “कुठे कापतोयस?” मी म्हणालो, “खर्ज संपला की.” ती म्हणाली, “खर्ज संपत नाही, बाळ. तो पंचमाच्या खाली चालूच असतो. पंचम छेडायच्या अगदी आधी काप, म्हणजे नवा पंचम येऊन सांधा झाकेल.” ध्वनिसंकलन करणारी माणसं हेच करतात, नवा आघात सुरू होतो त्याच्या तोंडाशी कापतात. मावशीने आयुष्यात टेपची डबी उघडली नव्हती. तिला ते तानपुऱ्याने शिकवलं होतं.

मग मी चाकं हाताने पुढे-मागे सरकवत, पंचम कुठे सुरू होतो ते ऐकत, पट्टीच्या पाठीवर पेनाची खूण केली. पुढच्या पंचमावर दुसरी खूण. मोजलं तर २४ सेंटिमीटरला जरासं कमी. वीतभर! एवढी पट्टी दोन चाकांभोवती पुरेना, म्हणून डावं चाक काढून ठेवलं आणि उजव्या एकट्या चाकाभोवती कडं बसवलं. उजवंच ठेवायचं, कारण टेप त्याच चाकाला फिरवतो आणि ते थांबलं तर काही यंत्रं आपोआप बंद होतात. कडं ताणलेलं नको, लोंबकळणारं नको. बोटाने हलवलं की सरकलं पाहिजे.

कापलंही तिरकं, साधारण ४५ अंशांत. सरळ कापलं तर एक आवाज तुटतो आणि दुसरा सुरू होतो. तिरक्या कापात पहिला विरत जातो आणि दुसरा उगवत येतो, सेकंदाच्या तिसाव्या भागात.

पंचम आता एकदाच आला. पण ‘टक’ गेला नाही.

तीनदा कापून पाहिलं. तीनदा टक. मी रडकुंडीला आलो. शेवटी मावशी शिवणाचा डबा आवरताना थांबली. तिने कात्रीचं टोक टाचण्यांजवळ नेलं, तशा पाच-सहा टाचण्या कात्रीला लटकल्या! सांडलेल्या टाचण्या गोळा करायला ती डब्यात एक लोहचुंबक ठेवायची, आणि कात्री वर्षानुवर्षं त्याच्याशेजारी पडून होती. कात्री स्वतःच चुंबक झाली होती. पट्टीवरचा आवाज म्हणजे आयर्न ऑक्साइडच्या भुकटीवर उमटलेली चुंबकी खूणच असते. मी जिथे कापत होतो तिथे कात्री आपली खूण उमटवून ठेवत होती. दाढीचं नवं पातं आणलं, कापलं, जोडलं. टक गेला.

तेव्हा पुन्हा सांगतो: चुंबक लागलेली कात्री नको, कोरं पातं घ्या. कड्यातून टक आला की आधी कात्री तपासा.

तो तानपुरा महिनाभर चालला. पाच सेकंदांचं आवर्तन, मिनिटाला बारा, तासाला ७२०. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मुली त्यावर यमन गायल्या, भूप गायल्या. तिसऱ्या आठवड्यात मला जाणवलं, की आवाज बदलतोय. जवारीचा, म्हणजे तारा घोडीला घासून येणारा, तो चमकणारा झणत्कार पहिल्यांदा गेला. पट्टी हेडवर, म्हणजे यंत्रातल्या आवाज वाचणाऱ्या भागावर, घासून झिजत होती. हेड कापसाने पुसलं की कापसावर तपकिरी भुकटी यायची. मग आघातांच्या कडा गेल्या. पंचम कुठे सुरू होतो आणि खर्ज कुठे विरतो ते सांगता येईना. राहिली एक गोल, मऊ गुणगुण, घुमटाखाली उभं राहिल्यासारखी.

त्या संध्याकाळी मुली गेल्या आणि मी टेप बंद करायला उठलो. मावशी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “हा आता तानपुरा राहिला नाही.” मी बटणाकडे हात नेला. ती म्हणाली, “बंद नको करूस.”

अर्धा तास आम्ही दोघं ते ऐकत बसलो. कोणी गायलं नाही. मग पावसात नेहमी जायची तशी वीज गेली. मोटार मंदावली आणि तो सगळा स्वर एका क्षणात खाली खाली उतरत खर्जाच्याही पलीकडे गेला. अंधारात मावशी म्हणाली, “केवढी मींड घेतली बघ.”

श्रोतेहो, माझ्यासाठी प्रयोगशील संगीत तिथे सुरू झालं. नावं मला पुष्कळ नंतर कळली. वेळ थोडा उरलाय, भराभर सांगतो. पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेर यांनी १९४८ साली आगगाडीचे आवाज तबकडीच्या बंद खाचेत, म्हणजे सुई त्याच वळशात फिरत राहील अशा खाचेत, फिरवून त्यांचं संगीत केलं. ही कल्पना रेडिओच्या घरातच जन्मली, याचा मला फार अभिमान आहे. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रस्त्यावरच्या प्रवचनकाराचा आवाज दोन कड्यांवर घेतला. दोन यंत्रांचा वेग केसभर वेगळा, त्यामुळे तेच शब्द हळूहळू एकमेकांपासून सरकत गेले. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी विमानतळासाठी केलेल्या संगीतात, ते १९७८ चं, मोठी कडी स्टुडिओतल्या खुर्च्यांभोवतून फिरवली होती. एक साडेतेवीस सेकंदांचं, दुसरं जवळजवळ सव्वीसचं. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी टेप आणि मूग नावाच्या सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याचा, स्टुडिओ उभा केला होता. आणि २००१ साली न्यूयॉर्कमध्ये संगीतकार विल्यम बसिन्स्की आपली वीस वर्षं जुनी कडी संगणकावर उतरवत होते, तेव्हा वाजता वाजताच पट्टीवरची भुकटी गळायला लागली. त्यांनी यंत्र थांबवलं नाही. ते वाचलं तेव्हा मला मिरजेची ती भिंत आठवली.

घरी करणार असाल तर आणखी दोनच गोष्टी. सांधा जोडायला कॅसेटच्या रुंदीची खास जोडपट्टी मिळते, तीच घ्या. साध्या चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि हेडला लागतो. जोडपट्टी नेहमी पाठीवर लावायची. डबीच्या तोंडातून जी बाजू दिसते ती आवाजाची, तिला हात लावायचा नाही. आणि कड्यावर थरावर थर चढवायचे असतील, तर पुसणारं हेड प्लॅस्टिकच्या पातळ तुकड्याने झाका, म्हणजे जुना आवाज बराचसा राहतो आणि नवा त्यावर बसतो.

आता शेवटी. ते पहिलं, पंचम दोनदा छेडणारं साडेपाच सेकंदांचं कडं मी टाकलं नव्हतं. फिल्मच्या रोलच्या डबीत जपून ठेवलं होतं. फारसं वाजलं नाही, म्हणून त्याची जवारी अजून ताजी आहे. महिनाभर झिजलेलं पाच सेकंदांचं कडंही माझ्याकडे आहे. दोन्ही आज इथे आणली आहेत, दोन यंत्रांवर. शाळेतला लसावि आठवा: पाच आणि साडेपाच, लसावि पंचावन्न. दोन्ही पंचम एकदम निघतील, मग दूर जातील, आणि हिशेबाने पंचावन्न सेकंदांनी परत भेटायला हवेत. पण दोन मोटारी तंतोतंत सारख्या फिरत नाहीत, त्यामुळे ते अगदी अलीकडे-पलीकडे भेटतात. झणत्कार असलेला तानपुरा पहिल्या कड्याचा. त्याच्या मागची मऊ गुणगुण मावशीच्या मुलींच्या रियाजाची.

सुरू करतो. पहिल्या पंचमापासून मोजा.