पहिले धुणे

नमस्कार, श्रोतेहो.

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी नागपुरात येतात आणि नंदनवनात, हिंगणा मार्गावर किंवा विद्यापीठाच्या आसपास खोली घेऊन राहू लागतात. जेवणाची सोय डब्याने होते, अभ्यासाची सोय ग्रंथालयात होते. धुणे मात्र अनेक जण आठवडाभर साठवतात आणि मळक्या कपड्यांचे गाठोडे घेऊन शनिवारी एसटीने घरी जातात. आठवडाभर शेतात किंवा नोकरीत राबलेल्या आईपुढे ते गाठोडे टाकणे मला मुळीच योग्य वाटत नाही. म्हणून आजचे भाषण मुख्यतः या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि त्यातही मुलांसाठी, कारण मुलींच्या हाती हे काम लहानपणीच येते, तर मुलांना ते शिकवावे हे आपल्या घरांत फारसे कुणाला सुचत नाही. संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यात, परीट कुटुंबात झाला आणि त्यांनी हाती झाडू घेऊन गावेच्या गावे स्वच्छ केली. त्यांच्या प्रदेशात स्वतःचे कपडे धुण्यात कुणी कमीपणा मानू नये.

पहिल्यांदा धुवायला बसणारा बहुधा ताकदीवर भर देतो. कपडा बुडवायचा, लगेच बाहेर काढायचा आणि दमेपर्यंत घासायचा, अशी त्याची रीत असते. वास्तविक मळ काढण्याचे बहुतेक काम पाणी, साबण आणि वेळ यांनीच होते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला, त्यामुळे घामाचा तेलकट थर धाग्यापासून सुटून पाण्यात उतरतो. पण त्यासाठी त्याला थोडा अवधी मिळाला पाहिजे. पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवावी, मग कपडे घालावेत आणि साधारण अर्धा तास ते तसेच भिजू द्यावेत. रात्रभर भिजवल्याने कपडे अधिक स्वच्छ होत नाहीत; रंग सुटतो आणि कुबट वास येतो.

शर्टाची कॉलर उजेडात धरून पाहा. मानेला लागणाऱ्या घडीवर जी काळपट रेघ दिसते, तिच्यात अंगाचे तेल, त्वचेचे सूक्ष्म कण आणि रस्त्यावरची धूळ एकत्र बसलेली असते. भिजवण्यापूर्वी पावडर थोड्या पाण्यात कालवून त्या रेघेवर लावावी, काही वेळ थांबावे आणि मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवावा. कडक ब्रशने रेघ जाते, पण घडीवरचे धागेही झिजतात आणि पुढे कॉलर नेमकी तिथेच उसवते.

आता पाण्याविषयी सांगतो, कारण आपल्या शहरात हा मुद्दा महत्त्वाचा आहे. नागपूरच्या नळाला पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी येते, परंतु अनेक वसतिगृहांत व भाड्याच्या घरांत धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरतात. जमिनीखालच्या खडकांतून या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम उतरते आणि ते जड होते. जड पाण्यात साबणाच्या वडीला फेस येत नाही. उलट तिचा चिकट, पांढरट साका तयार होऊन कपड्यात बसतो, आणि पांढरे कपडे हळूहळू राखाडी दिसू लागतात. अशा वेळी आणखी साबण घासण्याऐवजी डिटर्जंट पावडर वापरावी, किंवा सुती कपड्यांच्या पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकावा. लोकर आणि रेशीम यांना मात्र हा सोडा कधीही लावू नये.

डागांमध्ये आपल्याकडचा सर्वांत चिवट डाग हळदीचा. वरण किंवा सावजी रस्सा शर्टावर सांडला आणि त्यावर साबण लावला की पिवळा डाग एकाएकी लालसर होतो. ते पाहून नवखा माणूस घाबरतो आणि कपडा वाया गेला असे समजतो. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कलीत हळदीचा रंग लाल होतो, एवढेच त्याचे कारण आहे. तेलाचा अंश भांडी घासण्याच्या द्रवाने आधी काढावा, मग कपडा नेहमीसारखा धुवावा आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडावा, कारण हळदीचा रंग सूर्यप्रकाशात टिकत नाही. रक्ताच्या डागाला फक्त थंड पाणी वापरावे. गरम पाण्याने त्यातील प्रथिने धाग्यात घट्ट बसतात.

नवे गडद कपडे पहिल्या काही वेळा वेगळेच धुवावेत. पिळतानाही कापड ओळखावे: सुती धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो, रेयॉनचा कमकुवत होतो, म्हणून रेयॉनचा कुर्ता पिळू नये, नुसता दाबून पाणी काढावे. वसतिगृहात यंत्र असेल तरी हे सर्व नियम तसेच लागू आहेत. फक्त यंत्र गच्च भरू नये आणि खिसे तपासावेत. आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. क्लोरीनचे ब्लीच आणि स्नानगृह साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू विषारी असतो.

वाळवण्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा कपडे पाहता पाहता वाळतात, पण तेच ऊन रंग उडवते. म्हणून रंगीत कपडे उलटे करून सावलीत घालावेत आणि कडक ऊन पांढऱ्या सुती कपड्यांसाठी राखून ठेवावे. पावसाळ्यात उलट अडचण येते. कपडा जितका जास्त वेळ ओला राहतो तितके जिवाणू वाढतात आणि वास येतो. त्यामुळे पावसाळ्यात एकदम ढीग धुण्याऐवजी दोन-दोन कपडे धुवावेत, दोरीवर त्यांच्यात वीतभर अंतर ठेवावे, खोलीतला पंखा चालू ठेवावा, आणि जीन्स खिसे बाहेर काढून कमरेकडून टांगावी, म्हणजे जाड शिवणीही वाळतील.

नमस्कार.