पावसाळ्यातली पालेभाजी

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात बाजारातून मेथीची जुडी आणावी, दुसऱ्या दिवशी सोडावी, तर वरून हिरवीगार आणि मधोमध काळी, चिकट. भाजीवाल्याला नावं ठेवण्याआधी जरा त्या जुडीकडे बघू या.

भाजी उपटली म्हणून ती लगेच मरत नाही. पानं श्वास घेत राहतात, त्यातून ऊब तयार होते, ओल बाहेर पडते. घट्ट बांधलेल्या जुडीच्या पोटात ही ऊब आणि ओल कोंडते. त्यात भाजी टवटवीत दिसावी म्हणून वरून पाणी मारलेलं असतं. जिवाणूंना आणखी काय हवं? म्हणून घेतानाच जुडी उलटी धरून देठांकडून वास घ्या. विकणाऱ्या मावशी दोन शब्द बोलतील, बोलू द्या.

पालेभाजी साठवताना एक गोष्ट धरून ठेवायची : पाणी पानाच्या आत हवं, पानावर नको. घरी आल्याआल्या जुडीची दोरी किंवा रबर काढा. माती झटका, पिवळी आणि चिरडलेली पानं वेगळी करा, पण धुऊ नका. धुवायचं ते चिरायच्या आधी. भाजी ओली असेल तर पंख्याखाली पसरून वरचं पाणी जाऊ द्या. मग कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फडकं ओलसर लागलं की बदला. वर्तमानपत्राची रद्दी मात्र नको. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून २०१८च्या अन्न सुरक्षा नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केली आहे.

अशी ठेवलेली मेथी, पालक तीन-चार दिवस सहज टिकतात. कोथिंबीर मुळांसकट मिळाली तर पेल्यात बोटभर पाणी घेऊन त्यात मुळं बुडवून उभी करा, पाणी रोज बदला. आणि शेजारी पिकलेली केळी किंवा सफरचंदं ठेवू नका. त्यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्यानं पानं लवकर पिवळी पडतात.

फ्रिज नसेल तर? बांबूच्या टोपलीत भाजी मोकळी ठेवून वर ओला पंचा टाकायचा. इथे ओलं फडकं चालतं, कारण टोपलीतून वारा खेळतो आणि पाणी उडताना गारवा येतो. तोच ओला पंचा बंद डब्यात घातलात तर भाजी कुजलीच.

आता भाजी टाकायची कधी? आपण बऱ्याचदा उलटं करतो. मलूल झालेली टाकतो आणि बुळबुळीत झालेली धुऊन घेतो! मलूल पानातलं फक्त पाणी गेलेलं असतं. देठाचं टोक कापून अर्धा तास गार पाण्यात ठेवा, बरीचशी पानं पुन्हा ताठ होतील. पिवळ्या पानाची चव आणि सत्त्व उतरलेलं असतं. तेवढी पानं खुडा, बाकीची भाजी खुशाल करा. पण पान बोटाला बुळबुळीत लागलं, काळं पडून पाणी सुटलं, आंबूस-कुबट वास आला किंवा बुरशी दिसली, की ती भाजी गेली. धुऊन बुळबुळीतपणा जाईल, कूज जाणार नाही. एका टोकाला दोन-चारच पानं सडली असतील तर ती आणि त्यांना टेकलेली काढून उरलेली भाजी त्याच दिवशी शिजवा.

शिजलेल्या भाजीचं गणित वेगळं. पालकात नायट्रेट नावाचा क्षार मुळातच भरपूर असतो. शिजवलेला पालक तासन्‌तास ओट्यावर राहिला तर जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि ते तान्ह्या बाळांना बाधू शकतं. उरलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. घरातल्या लहानग्यासाठी मात्र पालक लागेल तेवढाच आणि ताजाच शिजवा.

नमस्कार.