राष्ट्रगीताला उभे राहताना

अध्यक्ष महोदया, मंडळाचे कार्यकर्ते आणि येथे जमलेल्या बंधुभगिनींनो,

मंडळाने मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी राष्ट्रगीताच्या सन्मानाचा विषय घेते असे कळवले. या विषयावरून भारतात आणि तुम्ही राहता त्या या अमेरिकेतही गेल्या काही वर्षांत भांडणे पुष्कळ झाली, परंतु त्यामानाने विचार फार थोडा झाला. माझे मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते. राष्ट्रगीत सुरू असताना प्रत्येकाने उभे राहावे आणि येत असेल तर मोठ्याने म्हणावे. मात्र शेजारचा माणूस उभा राहिला नाही, तर त्याला उठवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. यातले पहिले म्हणणे बहुतेकांना लगेच पटते आणि दुसरे खटकते, म्हणून माझा बराचसा वेळ त्या दुसऱ्यावरच जाणार आहे.

मी नागपूरची, त्यामुळे मला १९२३ सालापासून सुरुवात करणे भाग आहे. त्या वर्षी आमच्या शहरात झेंडा सत्याग्रह झाला. गोरे अधिकारी राहत होते त्या सिव्हिल लाइन्स भागात चरख्याचा झेंडा घेऊन मिरवणुकीने जायला सरकारने मनाई केली होती. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघू लागल्या. पोलीस त्यांना वाटेत अडवून अटक करीत आणि दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी निघे. बजाज स्वतः तुरुंगात गेले, पुढे वल्लभभाई पटेलांनी नागपुरात येऊन सूत्रे हाती घेतली, आणि अखेर १८ ऑगस्टला झेंड्यासह मिरवणूक त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली. तोपर्यंत निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या दीड हजारांहून अधिक लोकांनी कैद पत्करली होती. आज त्याच सिव्हिल लाइन्समध्ये आपले विधानभवन उभे आहे आणि हिवाळी अधिवेशनासाठी सगळे राज्य तेथे येते.

मला यातली जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी, की त्या माणसांना झेंड्याचा मान राखा असे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नव्हते, उलट कायदा त्यांच्या विरोधात होता. झेंडा खाली ठेवला असता तर ते सुखाने घरी जेवायला गेले असते. राष्ट्रीय प्रतीकाचा सन्मान आमच्या गावात या मार्गाने, माणसांच्या स्वतःच्या इच्छेने आणि स्वतः किंमत मोजून उभा राहिला, आणि म्हणूनच तोच सन्मान आता धाक दाखवून वसूल करण्याची भाषा ऐकली की मला मनापासून वाईट वाटते.

राष्ट्रगीताची वाटचालही काहीशी अशीच आहे. रवींद्रनाथ ठाकुरांचे हे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात पहिल्यांदा गायले गेले. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली, तेव्हा आपले अधिकृत राष्ट्रगीत अजून ठरायचे होते. शिष्टमंडळाजवळ 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती, ती तेथील वाद्यवृंदाला दिली गेली, त्यांनी ती बसवून वाजवली आणि ऐकणाऱ्या परदेशी प्रतिनिधींना ती फार आवडली. पुढच्या वर्षी पंडित नेहरूंनी संविधान सभेत हा प्रसंग सांगितला. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी सभेत अधिकृत घोषणा केली आणि त्याच निवेदनात 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान दिला. म्हणजे हे गीत आधी लोकांच्या कानांत आणि गळ्यात बसले, आणि सरकारी शिक्का त्यावर मागाहून उमटला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण याबाबत आपल्या घराघरांत गैरसमज आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले. त्याआधी, १९७१ साली, राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अपमान रोखणारा कायदा झाला. त्यात राष्ट्रगीत गाण्यापासून कोणाला हेतुपुरस्सर रोखणे किंवा गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. केवळ बसून राहिलेल्या माणसाला त्या कलमात शिक्षा सांगितलेली नाही. राष्ट्रगीताच्या वेळी श्रोत्यांनी सावधान उभे राहावे असे केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सूचना सांगतात, परंतु त्याच सूचनांत हेही म्हटले आहे की वृत्तपटात किंवा माहितीपटात ओघाने राष्ट्रगीत आले, तर प्रेक्षकांनी उठण्याची अपेक्षा नाही. उठण्याने तेथे मान वाढण्याऐवजी गोंधळच होतो, हे त्या सूचना लिहिणाऱ्याला कळत होते. कायदा करणाऱ्यांनी दाखवलेले हे तारतम्य आपल्यातल्या उत्साही मंडळींनी दाखवले असते, तर पुढचे पुष्कळसे टळले असते.

१९८५ साली केरळमधल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. ही मुले यहोवाज् विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीत सुरू झाले की ती रांगेत शांतपणे, आदराने उभी राहत. मात्र ईश्वराखेरीज कशाचीही स्तुतिगीते गाऊ नयेत अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळे ती गात नसत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने मुलांना परत शाळेत घ्यायला सांगितले. जो आदराने उभा आहे पण गात नाही, तो राष्ट्रगीताचा अपमान करीत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे, आणि आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान आणि आपले संविधान ही तिन्ही सहिष्णुतेच्या बाजूची आहेत हे त्याच्या शेवटी न्यायालयाने आवर्जून नोंदवले आहे. शाळेत आयुष्य घालवलेल्या प्रत्येकाने हा निकाल एकदा मुळातून वाचावा असे मी म्हणेन.

पुढे ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच सर्व चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवणे आणि त्यासाठी उभे राहणे सक्तीचे केले, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी वाजवण्याची ती सक्ती मागे घेतली. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांना ही प्रथा त्याआधीपासून परिचयाची होती, त्यामुळे आम्हा नागपूरकरांना २०१६ च्या आदेशात उभे राहण्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते अंधारात एकमेकांवर पाळत ठेवणाऱ्या नजरांचे. त्याच वर्षी गोव्यातल्या एका चित्रपटगृहात चाकाच्या खुर्चीशिवाय हालचाल करू न शकणाऱ्या एका माणसाला, तो राष्ट्रगीताला उठला नाही म्हणून, मागच्या रांगेतल्यांनी मारले. मारणाऱ्यांना त्या क्षणी आपण देशाचा मान राखतो आहोत असेच वाटले असणार, आणि मला भीती वाटते ती याच समजुतीची.

मी शाळेत शिकवत होते तेव्हाची एक गोष्ट सांगते. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, पण पाऊस लांबला तर तेव्हाही सकाळच्या परिपाठाला मैदानात चटका बसतो. अशाच एका सकाळी 'एक साथ राष्ट्रगीत शुरू कर' असा पुकारा झाला, मुले गाऊ लागली, आणि सहावीच्या रांगेतली एक मुलगी मागेपुढे डुलू लागली. तिच्या मागच्या मुलीने गाणे न थांबवता दोन्ही हातांनी तिचे दंड धरले, तिला हळूच खाली बसवले, आपली सावली तिच्या डोक्यावर पडेल अशी एक पाऊल सरकून उभी राहिली आणि शेवटच्या 'जय हे'पर्यंत गात राहिली. परिपाठ संपल्यावर वर्गप्रमुख धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, ती राष्ट्रगीतात हलली!" तक्रार करणारी मुलगीही वाईट नव्हती. हलायचे नाही हे तिला आम्हीच शिकवले होते. कशासाठी हलायचे नाही, ते शिकवायचे राहून गेले होते. त्या दिवशी दुपारच्या तासाला मी पुस्तक बाजूला ठेवले आणि वर्गाशी याच गोष्टीवर बोलले.

आमच्या वर्गात जरीपटक्याहून येणारी सिंधी मुले असत. फाळणीनंतर घरदार सोडून त्यांचे आजोबा-पणजोबा नागपुरात आले आणि तेथेच स्थिरावले. सिंध आता भारतात नाही म्हणून तो शब्द राष्ट्रगीतातून काढावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात झाली होती. २००५ साली न्यायालयाने ती फेटाळली, आणि ते फार योग्य झाले. नागपूर ही मध्य प्रांताची जुनी राजधानी, त्यामुळे एकाच बाकावर मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली घरांतली मुले बसतात. राष्ट्रगीत ही त्यांची अशी एक गोष्ट असते जी सगळी मिळून एकाच चालीवर म्हणतात आणि त्यात कोणी पाहुणा नसतो. उभे राहा आणि गा, असे मी आग्रहाने सांगते त्याचे कारण हेच आहे. बावन्न सेकंदांपुरती का होईना, ही एकत्र असण्याची सवय लहानपणी लागली पाहिजे.

काही तरुण मला विचारतात, सरकारचे धोरण पटत नसेल तरी उभे राहायचे का? माझ्या मते राहावे, कारण उभे राहणे म्हणजे कोणाच्या धोरणाला दिलेली संमती नव्हे. आमच्याकडे याचे जवळचे उदाहरण आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. ते लिहिणारे राजा बढे नागपूरचे. आणि त्याच नागपुरात स्वतंत्र विदर्भ मागणारी, १ मेच्या उत्सवात मन न रमणारी माणसेही आहेत. माझे एक वयस्कर शेजारी त्यांपैकी एक. कार्यक्रमात राज्यगीत लागले की ते उभे राहतात, पण म्हणत नाहीत. मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, "गाणं आपल्या नागपूरच्या माणसाचं आहे, अन् समोर पोट्टे उभे असतात. मी कसा बसून राहू?" त्यांचे राजकारण मला पटत नाही, पण हे उत्तर पूर्ण पटले. आपली मागणी न सोडता त्यांनी सभेचा मान राखला. याच राज्यगीताच्या नियमांत लहान बालके, गर्भवती स्त्रिया, आजारी, दिव्यांग आणि वृद्ध यांना उभे राहण्यातून सूट दिली आहे, हेही सांगायला हवे.

तुमच्या या देशाने हा वाद आपल्यापेक्षा आधी अनुभवला आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, येथील सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या मुलांना ध्वजाला वंदन करण्याची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला, आणि तोही केरळच्या मुलांच्याच पंथाच्या मुलांविषयी होता. तीनच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने नेमके उलट सांगितले होते. युद्ध चालू असताना न्यायालयाला आपले मत बदलावेसे वाटले, याचे मला मोल वाटते. २०१६ साली कॉलिन कॅपरनिक या फुटबॉलपटूने वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताला प्रथम बसून राहणे पसंत केले, परंतु एका माजी सैनिकाशी बोलणे झाल्यावर त्याने गुडघा टेकायला सुरुवात केली, कारण त्यात निषेधही होता आणि सैनिकांविषयी आदरही होता. त्याचा मार्ग मी स्वतः धरला नसता; मी उभी राहून नंतर बोलले असते. तरीही त्याला देशद्रोही म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी कधीही जाणार नाही.

आता थोडे आपल्या मंडळांविषयी बोलते, आणि ते आपुलकीने घ्यावे. परदेशातल्या मराठी मेळाव्यांत मी पाहिले आहे की राष्ट्रगीत कार्यक्रमाच्या अगदी शेवटी असते. तोवर अर्धी मंडळी जेवणाच्या रांगेकडे निघालेली असतात, ध्वनिक्षेपकावरून मुद्रित गीत वाजते, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण मोबाइल उंच धरून चित्रीकरण करीत असतात. अनादर कोणाच्याही मनात नसतो, पण आदर दिसेल अशी सोय आपण केलेली नसते. राष्ट्रगीत सुरुवातीला घ्यावे, मुद्रित गीताऐवजी आपल्याच पाच-सहा जणांनी पुढे उभे राहून म्हणावे, आणि येथे वाढलेल्या मुलांना त्याचे शब्द देवनागरीत किंवा त्यांना वाचता येतील त्या लिपीत आधी द्यावेत. यजमान देशाचे राष्ट्रगीतही त्याच वेळी, तितक्याच तयारीने म्हणावे; ज्या देशात आपली मुले शिकतात त्याच्या गीताला आपण अर्धवट गुणगुणत उभे राहणे बरे दिसत नाही. 'जन गण मन'ला आपली रीत हात सरळ बाजूला ठेवून सावधान उभे राहण्याची आहे, छातीवर हात ठेवण्याची नाही. परंतु एखाद्या मुलाने येथल्या शाळेतल्या सवयीने हात छातीवर नेला, तर तो तिथल्या तिथे खाली ओढू नये, घरी गेल्यावर समजावून सांगावे.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत राष्ट्रगीते शेवटी आहेत आणि ती आता बदलता येणार नाही, हे मी समजू शकते. म्हणून संयोजकांना माझी एवढीच विनंती आहे, की जेवणाचा कक्ष राष्ट्रगीते झाल्यावर उघडावा, आणि निवेदिकेने 'सर्वांनी उभे राहावे' असे सांगताना 'ज्यांना शक्य आहे त्यांनी' हे शब्द त्यात घालावेत. पुढच्या रांगेत काही ज्येष्ठ मंडळी गुडघ्यांच्या दुखण्यामुळे काठी घेऊन आली आहेत. त्यांनी बसूनच, खुल्या आवाजात म्हणावे.